फण्याआडचं फूल

कैलासपतीच्या झाडाखाली सकाळी खराटा फिरला की एक वेगळाच ढीग गोळा होतो. त्यात सुकी पानं थोडी आणि फुलं फार. फुलंही कशी, तर जाड, मांसल पाकळ्यांची, हाताला गार लागणारी, रात्र उलटली तरी वास न सोडणारी. त्या ढिगातलं धड राहिलेलं एखादं फूल कुणीतरी उचलतं, माती फुंकून टाकतं आणि सोबतच्या लहान मुलाला दाखवतं: ही बघ पिंड, ही शाळुंका आणि हा वर फणा धरलेला नाग. मूल वाकून बघतं. त्याला पिंड दिसते, नागही दिसतो, आणि मग ते फूल घरच्या देवापुढे जातं किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर जाऊन बसतं. मुंबईच्या राणीच्या बागेत, शंकराच्या देवळांच्या आवारांत, जुन्या कॉलेजांच्या मैदानांच्या कडेला हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या घडत आलं आहे. दाखवणाऱ्याचा भाव निर्मळ असतो आणि पाहणाऱ्याचं नवलही खरं असतं. तरीही काहीतरी अर्धवट राहतं. पिंड सापडली की बोट थांबतं, बोट थांबलं की नजर थांबते, आणि इतक्या खटाटोपाने घडलेलं ते फूल स्वतःबद्दल काही सांगायच्या आतच मिटल्यासारखं होतं.

अनोळखी वस्तूत ओळखीचं रूप शोधणं ही माणसाच्या नजरेची जुनीच रीत आहे. आपल्या भाषेने कितीतरी झाडावेलींची नावं याच रीतीने ठेवली. फुलात गाईचा कान दिसला म्हणून गोकर्ण, फळात वाघाची नखं दिसली म्हणून वाघनखी. अशी नावं लक्षात राहतात, रानात बोट दाखवायला उपयोगी पडतात, आणि त्यांच्यामागे कुणीतरी एकेकाळी नीट निरखून पाहिलेलं असतं. म्हणून साम्य शोधण्यात काही वावगं आहे असं म्हणण्याचं कारण नाही. पण साम्य हा पाहण्याचा उंबरठा आहे. तिथून आत जायचं असतं. कैलासपतीच्या बाबतीत मात्र आपण उंबरठ्यालाच हात लावून नमस्कार करतो आणि मागे फिरतो. आत काय आहे ते पाहिलं तर श्रद्धा उणावत नाही, नवल मात्र पुष्कळ वाढतं, आणि फुलाचा खरा थोरपणा त्या साम्यापेक्षा कितीतरी मोठा आहे हे पटत जातं. या लेखात म्हणायचं आहे ते एवढंच.

तेव्हा फूल हातात घ्यावं आणि देवाचं नाव थोडा वेळ बाजूला ठेवावं. सहा पाकळ्या. बाहेरून पिवळट गुलाबी, आतून गडद तांबड्या, कडेशी किंचित आत वळलेल्या, वाटीसारख्या. मधोमध बीजांडकोशाचं टोक, बुटकं आणि गुळगुळीत. पिंड म्हणतात ती हीच. तिच्याभोवती आखूड पुंकेसरांचं दाट कडं असतं, इतकं दाट की बोट फिरवलं तर मऊ ब्रशवरून फिरल्यासारखं वाटावं. ही शाळुंका. आता या कड्याची एक बाजू पाहावी. तिथून एक मांसल, फिकट रंगाची पट्टी निघते, थोडी बाहेर जाते, मग कमानीसारखी वळते आणि परत त्या कड्यावरच ओणवते. पट्टीच्या टोकाशी आतल्या अंगाला लांबट, पिवळसर-गुलाबी तंतू गर्दीने उभे असतात. हा फणा. नजर इथवर आली की पहिली गोष्ट ध्यानात येते: फणा आणि शाळुंका या दोन निराळ्या वस्तू नाहीत. दोन्ही पुंकेसरच आहेत. एकाच अवयवाचा एक भाग कड्याच्या रूपाने जागीच राहिला आणि दुसरा लांबून, वळून त्याच्यावर छत धरून उभा राहिला.

एकाच अवयवाची अशी दोन रूपं कशासाठी? याचं उत्तर परागात आहे. कड्यातल्या आखूड पुंकेसरांचे पराग फलनक्षम असतात. बी धरायचं तर त्यांच्याच जोरावर. फण्यातल्या तंतूंवरचे पराग वांझ असतात, त्यांच्यातून पुढे काही निपजत नाही. या फुलात मध नाही. मधाची लालूच न दाखवता कीटकाला बोलवायचं तर त्याला दुसरं काहीतरी खायला घालावं लागतं, आणि कैलासपती घालतो ते फण्यातले हे वांझ पराग. वनस्पतीशास्त्रात त्यांना चाऱ्याचे परागच म्हणतात. माशी किंवा भुंगा चारा गोळा करायला फणा आणि कडं यांच्यामधल्या फटीत शिरतो. पाय फण्यात गुंततात, आणि जागा इतकी अरुंद की डोकं आणि पाठ पलीकडच्या कड्याला घासल्याशिवाय राहत नाही. तिथले सकस पराग अंगाला चिकटतात. पाठीवर आपल्याला सहजी पुसता येणार नाही असं ओझं घेऊन तो दुसऱ्या फुलात जातो, तिथेही तसाच शिरतो, आणि त्या फुलाच्या मधल्या टोकाला ते पराग लागतात. काम झालं. फण्याची वळणदार कमान नागासारखी दिसते हे खरं, पण ती तशी वळली आहे ती कीटकाच्या पाठीच्या उंचीच्या हिशेबाने.

शेतकऱ्याच्या घरात खाण्याचं धान्य वेगळं आणि बियाण्याचं वेगळं ठेवायची पद्धत आहे. कितीही ओढग्रस्त आली तरी बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, आणि दारी आलेल्याला खाण्याच्या धान्यातून पसा-मूठ द्यायला मागेपुढे पाहायचं नाही. कैलासपतीच्या फुलात हीच व्यवस्था आहे. फणा ही खाण्याची कणगी आणि कडं ही बियाण्याची. या वाटणीत फसवणूक नाही. भुंग्याला मिळतं ते त्याच्यापुरतं खरंखुरं अन्न असतं. फुलाचं बीही राहतं. देणं आणि राखणं यांचा असा नेमका मेळ ज्या वस्तूत आहे तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले, तर ते फण्याच्या आकारापेक्षा या मेळासाठी वाटावेत. भक्तीला याहून चांगलं निमित्त कुठलं मिळणार?

इथे भुंग्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात स्नेहाच्या कोवळ्या बळाविषयी सांगताना भ्रमराचा दृष्टांत येतो: कोरडं लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. १२९० सालच्या या ग्रंथातला लाकूड कोरणारा भुंगा कवीच्या कल्पनेतला नाही. वासे, ओंडके, वाळकी फांदी पोखरून त्यात घर करणारा, काळाभोर, घूं घूं करत फिरणारा तो भुंगा आजही परसात दिसतो, आणि झायलोकोपा या त्याच्या प्रजातीच्या नावाचा ग्रीक अर्थही लाकूड कापणारा असाच आहे. या प्रजातीचे भुंगे आपल्याकडे आहेत तसेच पार दक्षिण अमेरिकेतही आहेत, आणि तिथल्या जंगलात कैलासपतीच्या फुलात शिरून पाठीला पराग लावून घेणाऱ्या कीटकांमध्ये त्यांची गणना होते. झाड समुद्र ओलांडून इथे आलं तेव्हा त्याच्या फटीत मावणारं, त्याच्या चाऱ्याला भुलणारं, ओळखीच्या बांध्याचं कुणीतरी इथे आधीपासूनच होतं. आज भारतातही या फुलांवर भुंगे आणि मधमाश्या येतात. कमळाच्या कळीत अडकणाऱ्याचा भाऊबंद इथे फण्याखाली वाकतो.

समुद्र ओलांडून आलं, असं म्हणताच पहिली हरकत येते. हे झाड भारतात दोन-तीन हजार वर्षांपासून आहे, असं छापलेलं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. ज्या फुलात साक्षात पिंड आणि नाग दिसतो ते या भूमीतलं नसेल कसं, असा त्यामागचा मनोमन विचार असतो. ही हरकत टाळून चालणार नाही, कारण ती सांगणाऱ्याच्या मनात झाडाविषयी आपलेपणाच असतो. पण माणसाचं मूळ गाव शोधताना आपण काय पाहतो? भावकी कुठे नांदते ते पाहतो. कैलासपतीच्या कूरूपिटा या प्रजातीत तीनच जाती आहेत आणि तिन्ही उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या. एवढ्यावर थांबायचं नसेल तर सगळं कुळ पाहावं. लेसिथिडेसी हे ते कुळ. ब्राझील नट म्हणून जो कठीण कवचाचा सुकामेवा मिळतो त्याचं झाड याच कुळातलं, तेही ॲमेझॉनच्या जंगलातलं. पुंकेसरांचा असा एका बाजूला वळलेला फणा धरणारी या कुळातली झाडं झाडून सगळी अमेरिका खंडातली आहेत. आशिया आणि आफ्रिकेतल्या नातलगांच्या फुलांना फणा नाही. त्यांचे पुंकेसर चहूबाजूंनी सारखे, झुबक्यासारखे उघडे असतात. म्हणजे ज्या फण्याला आपण भारतीयत्वाचा दाखला मानतो, तोच फणा त्याच्या अमेरिकी जन्माचा सगळ्यात भक्कम दाखला आहे. शिवाय गियाना आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात हे झाड रानात आपसूक वाढतं. आपल्याकडे ते भेटतं ते बागेत, देवळात, शाळा-कॉलेजांच्या आवारात, म्हणजे जिथे कुणीतरी हाताने लावलं तिथे.

शास्त्राच्या वहीत त्याची नोंद झाली ती १७७५ साली. फ्युझे ऑब्ले हा फ्रेंच औषधनिर्माता आणि वनस्पतीशास्त्रज्ञ १७६२ मध्ये फ्रेंच गियानाला गेला, तिथली झाडंझुडपं त्याने गोळा केली, आणि परतल्यावर त्यांच्यावर चार खंडांचा ग्रंथ छापला. नावं ठेवताना त्याची एक सवय होती. ग्रीक-लॅटिन शब्दांची जुळवाजुळव करण्यापेक्षा तिथल्या मूळ रहिवाशांच्या तोंडची नावं तो पुष्कळदा तशीच उचलत असे. कूरूपिटा हे नावही असंच त्यांच्या बोलीतून आलेलं आहे. ही गोष्ट आपण मनाशी ठेवण्यासारखी आहे. कैलासपती हे नाव कानाला कितीही प्राचीन वाटलं तरी या झाडाच्या आयुष्यात ते पुष्कळ उशिरा आलेलं आहे. त्याच्याआधी कितीतरी पिढ्या, आपण कधी न पाहिलेल्या नद्यांच्या काठी, कुणीतरी या झाडाला हाक मारत होतं.

याच कुळाचे आपले घरचे लोक कोण, हे पाहिलं की मन थोडं ओशाळतं. कोकणात ओढ्यांच्या आणि खाड्यांच्या काठाला निवर असतो. त्यालाच समुद्रफळही म्हणतात. त्याच्या लोंबत्या फुलमाळा रात्री उमलतात आणि सकाळी पाण्यावर तंतूंचा सडा पडतो. आणि सह्याद्रीच्या रानात कुंभा आहे. थंडीत तांबूस होणारी मोठी पानं, वणव्यातही तग धरणारी जाड साल, मार्च-एप्रिलमध्ये उघड्या फांद्यांच्या शेंड्यांना येणारी मोठी फुलं: चार पाकळ्या आणि मधे पांढऱ्या-गुलाबी पुंकेसरांचा भरघोस झुबका. हेही फूल रात्रीचं. त्याच्याकडे वटवाघळं येतात. चहूबाजूंनी उघडा झुबका वटवाघळाच्या तोंडाला सोयीचा, आणि फणा भुंग्याच्या पाठीला. एकाच कुळाने दोन खंडांत दोन पाहुण्यांसाठी दोन तऱ्हांनी पान मांडलं. कुंभ्याच्या सालीचे धागे पूर्वी तोड्याच्या बंदुकीची वात करायला वापरत. इंग्रजांनी कैलासपतीच्या गोल, जड फळावरून त्याला तोफगोळ्याचं झाड म्हटलं. एका भावाने वात पुरवली आणि दुसऱ्याच्या अंगाला गोळे लटकले, असा हा योगायोग. नाव मात्र आपण परगावच्या भावाचंच घेतो. घरचा भाऊ डोंगरात उभा असतो आणि त्याला ओळखणारी माणसं गावागणिक कमी होत चालली आहेत.

कुंभ्याच्या शास्त्रीय नावाची एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. वनस्पतीशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने त्याच्या प्रजातीला केरिया हे नाव दिलं ते आपला स्नेही विल्यम केरी याच्यावरून. हा केरी म्हणजे बंगालमध्ये श्रीरामपूरला छापखाना चालवणारा, झाडांची बाग सांभाळणारा मिशनरी, आणि ज्याचं मराठी भाषेचं व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये छापला गेला तोच. त्याने रॉक्सबर्गचे ग्रंथ मागाहून छापून काढले. म्हणजे मराठीचं व्याकरण छापणाऱ्या माणसाचं नाव सह्याद्रीतल्या एका रानझाडाला आहे, आणि मराठी शिकलेल्या फार थोड्या लोकांना ते झाड ओळखता येतं. परक्या झाडाला देवाचं नाव मिळालं, घरच्या झाडाला परक्या माणसाचं. यात खेद करण्यासारखं काही नाही. झाडांची नावं अशीच फिरतात. पण नाव ठेवल्यावर झाड पाहायचं राहून जातं, हा धोका दोन्हीकडे सारखाच आहे.

कैलासपतीचं फूल इतकं मन वेधून घेतं की फळाची चौकशी कुणी करत नाही. फुलं पानांच्या डहाळ्यांवर येत नाहीत. ती थेट खोडातून फुटलेल्या लांब, वेड्यावाकड्या, लोंबत्या काड्यांवर येतात, आणि बहरात खोड त्यांनी झाकून जातं. फणस आणि उंबर पाहणाऱ्याला खोडावरचं फळ नवं नाही. तरी इथला थाट निराळा आहे: वर शेंड्याला पानांचे झुबके, जे वर्षातून एकाहून अधिक वेळा गळून पुन्हा भराभर फुटतात, आणि खाली खोडाशी फुलांचं, फळांचं हे जंजाळ. फळ तपकिरी, खरबरीत कवचाचं, वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारं. पिकायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. ते आपल्या वजनाने खाली येतं, आपटून फुटतं, आणि आतला पांढरा गर हवा लागताच निळसर पडतो. त्याला उग्र दर्प येतो. सुगंधी फुलाच्या पोटी असं फळ कसं, म्हणून आपण नाक मुरडतो. पण तो दर्प आपल्यासाठी नाहीच. ॲमेझॉनच्या जंगलात रानडुकरासारखे दिसणारे पेकारी नावाचे प्राणी हा गर आवडीने खातात. मोठ्या फळात पाचशेहून जास्त बिया असू शकतात आणि प्रत्येक बी केसाळ असते. प्राण्याच्या पोटातून जाताना हे केस तिचं रक्षण करतात असं मानतात. म्हणजे फूल भुंग्यासाठी घडलं आणि फळ पेकारीसाठी. आपल्याकडे भुंगा भेटला, पेकारी भेटला नाही. त्याची जागा माळ्याने आणि भाविकाने घेतली. बी रुजवणं, रोप देवळापर्यंत नेणं, आळं करून पाणी घालणं ही या झाडाच्या भारतातल्या प्रवासाची खरी यंत्रणा. आणि ती चालली ती फण्यातल्या त्या साम्यामुळेच, हे कबूल करायला हवं. ज्या साम्यापाशी नजर थांबते, त्या साम्यानेच झाडाला इथे जागा मिळवून दिली.

इथे दुसरी हरकत येते, आणि ती अधिक गंभीर आहे. श्रद्धेला हे सगळं कशाला सांगायचं? एखाद्या बाईने पहाटे फूल वेचलं, पिंडीवर वाहिलं, तिचं मन शांत झालं. तिला वांझ पराग आणि पेकारी ठाऊक असून काय मिळणार? याचं पहिलं उत्तर असं की तिच्या भक्तीला या माहितीची गरज नाही हे खरंच आहे, आणि तिच्या हातातून फूल काढून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण भक्ती एक आणि भक्तीच्या नावाने केलेला दावा वेगळा. फुलात मला शिव दिसतो, हा अनुभव. फुलात शिव दिसतो म्हणून हे झाड इथलं आणि हजारो वर्षांचं, हा दावा. अनुभवाला पुरावा लागत नाही, दाव्याला लागतो. श्रीलंकेत हेच झाड बौद्ध विहारांच्या आवारात लावतात आणि त्याला साल म्हणतात. बुद्धाचा जन्म आणि महापरिनिर्वाण ज्याच्या छायेत झालं तो साल वेगळा. तो हिमालयाच्या पायथ्याच्या आणि मध्य भारताच्या जंगलातला, राळ देणारा, साध्या फिकट फुलांचा वृक्ष. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. थायलंडमध्येही हीच अदलाबदल झाली आहे. एकच फूल एका देशात शिवाचं झालं आणि दुसऱ्या देशात बुद्धाचं. याचा अर्थ दोन्ही ठिकाणची माणसं चुकली असा नाही. याचा अर्थ असा की पावित्र्य माणसाच्या नजरेतून फुलात उतरतं. ते फुलाच्या जन्मदाखल्यावर लिहिलेलं नसतं. हे एकदा मान्य केलं की खोट्या प्राचीनतेच्या आधाराची गरज उरत नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा, देवळापुढचा देवचाफाही त्याच मुलखातला. त्यांच्या मूळ गावाने दसरा बाटला नाही आणि गाभाऱ्यातला दरवळ कमी झाला नाही.

मग तिसरी हरकत उलट्या बाजूने येते. झाड परदेशी आहे असं सिद्ध झालं, तर ते लावायचं तरी कशाला? देशी झाडं लावा, ही हाक आज सर्वत्र ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. उघड्या डोंगरावर, नदीकाठी, जिथे रान पुन्हा उभं करायचं आहे तिथे कैलासपतीला काही काम नाही. तिथे कुंभा हवा, निवर हवा, तिथल्या पाखरांना, वटवाघळांना, किड्यांना ओळखीचं असेल ते हवं. पण एखाद्या बागेत, देवळाच्या प्रशस्त आवारात, विद्यापीठाच्या मैदानात उभा असलेला कैलासपती कुणाचं रान बळकावत नाही. तो आपसूक पसरत नाही, इतरांना मारून वाढत नाही. भुंग्यांना चारा देतो आणि माणसाला वर मान करायला लावतो. त्याला परका म्हणून हाकलणं आणि प्राचीन म्हणून डोक्यावर घेणं, या दोन्ही भूमिकांचं मूळ एकच आहे. दोन्हींना झाड पाहायचं नसतं, त्याची कागदपत्रं पाहायची असतात. त्याला लावताना एवढं मात्र सांभाळावं की त्याच्याखालून रस्ता, बाक किंवा गाड्यांचा तळ नसावा. इतकं जड फळ कधी सुटेल याचा नेम नसतो.

राहतो तो नावाचा प्रश्न. कैलासपती हे नाव टाकून द्यावं का? मुळीच नाही. ते सुंदर आहे, मराठीच्या जिभेवर बसलं आहे, आणि त्याच्यामुळेच या झाडाला माणसं सापडली. तोफगोळ्याचं झाड हे नावही साम्यावरूनच आलं आहे. फरक एवढाच की एकाने फूल पाहिलं आणि दुसऱ्याने फळ. पण दोघांनीही एकेकच भाग पाहिला. नाव ठेवावं आणि पाहणं चालू ठेवावं, एवढंच या झाडाचं मागणं असेल. ज्या फुलाचं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं आहे, ज्याने त्या एका दिवसासाठी खाण्याची आणि बियाण्याची अशी दोन कोठारं बांधली, एका अनोळखी पाठीच्या मापाने कमान वळवली, आणि पहाटेच्या अंधारात सुगंधाने आपली वाट सांगितली, त्याला आपण निदान एक मिनिट जास्त द्यावं. मुलाला पिंड दाखवावी, नाग दाखवावा, आणि मग त्याच्या बोटाने कड्याचे आखूड तंतू आणि फण्याचे लांब तंतू चाचपू द्यावेत. यातले कुठले भुंग्याच्या वाटणीचे आणि कुठले बीच्या, असं विचारावं. ते मूल पुढे कुठल्याही फुलाकडे नुसतं बघून थांबणार नाही.

आणि एक करावं. कैलासपतीचं एक फूल कागदात गुंडाळून ठेवावं आणि जवळच्या डोंगरात कुंभा शोधावा. दोन्ही फुलं शेजारी ठेवली की समुद्रापारची भावकी तळहातावर येते: तेच पुंकेसर, एकीकडे मोकळे आणि दुसरीकडे वळलेले. कुंभा मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. त्याचे पुंकेसर सकाळीच गळून जातात, म्हणून जायचं तर पहाटे जावं.